खालच्या फळीवरची मोकळी प्रत

मुलांच्या चित्रकथांची विक्री बघणाऱ्या काकांना सगळे दुकानदार 'फळीकाका' म्हणत. नव्या दुकानात गेले की ते आधी गुडघे टेकत, पाच वर्षांच्या मुलाला तिथून काय दिसेल ते बघत आणि अंक सगळ्यात खालच्या फळीवर लावून घेत. गठ्ठा दोरीत बांधलेला, पण एक प्रत मोकळी. "चव कळल्याशिवाय भूक लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा आळशी अस्वलाच्या मालिकेचा खप निम्म्यावर आला. विक्रीप्रमुख बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या मोकळ्या प्रती कशा दिसतात?"

"चिंध्या झालेल्या," काका अभिमानाने म्हणाले.

"आणि गठ्ठ्यातल्या?"

"कोऱ्या करकरीत..."

बोलता बोलताच त्यांना उमगलं. चोवीस पानांची गोष्ट, मूल उभ्या उभ्या संपवतं. तीस वर्षं आपण चव म्हणून अख्खं ताट वाढत आलो.

"मोकळ्या प्रती बंद करू या काका. नाहीतर अस्वलच बंद करावं लागेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "गोळा तुम्हीच करा. दुकानदार तुमचं ऐकतात."

काकांनी मान हलवली. अस्वल जगायला हवं होतं.

प्रती गोळा करत ते शेवटच्या दुकानात आले, तर तिथली मोकळी प्रत एका मुलीच्या हातात होती. फरशीवर फतकल मारून ती वाचत होती.

"घ्या काढून," दुकानदार म्हणाला. "रोजचं गिऱ्हाईक आहे, फुकटातलं."

काका सावकाश तिच्याशेजारी बसले. "कितवं पान?"

"नववं. थांबा ना."

ते थांबले. बाराव्या पानावर अस्वल गुहेत डोकावलं. आतून दोन डोळे चमकले. पान उलटायला मुलीचं बोट घाईने कोपऱ्यावर गेलं.

काकांना ती भूक दिसली. त्यांनी खिशातून कागदांना लावायची क्लिप काढली आणि पुढची सगळी पानं तिच्यात अडकवून टाकली. बाईंना हेच दाखवायचं, अर्धी गोष्ट मोकळी, अर्धी बंद. हे तीस वर्षांत कसं सुचलं नाही?

"आत कोण आहे?" मुलीने विचारलं.

"ते विकतच्या अंकात."

"तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"मग सांगा की."

काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

मुलीने प्रत मिटली. मग उठून तिने ती खालच्या फळीवर ठेवली, मुखपृष्ठ पुढे करून, कडा नीट जुळवून. काका लावत तशीच.