धुतलेली बटणं

महत्त्वाचं पत्र घाण मशीनवर टाइप करायचं नाही, हा टायपिस्टबाईंचा नियम. कचेरीत तीस वर्षं त्यांनी तो पाळला. आधी ब्रश, मग स्पिरिट, मग कापड, आणि त्यानंतर कागद. साहेब दारात पाय आपटत उभे राहायचे, तरी बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

आता कचेरी नव्हती, साहेब नव्हते, टाइपरायटरही नव्हता. घरच्या कॉम्प्युटरवर लोकांचे प्रबंध टाइप करून देणं तेवढं उरलं होतं. पण नियम मात्र सुटला नव्हता. म्हणून आज सकाळी साडेअकराला धाकट्या बहिणीची ईमेल वाचल्यावर बाईंनी पहिलं काम काय केलं, तर कीबोर्ड उलटा करून झटकला.

ईमेल चारच ओळींची होती.

‘ताई, आज तुझ्या गावावरून जातेय. स्टँडवर गाडी बदलायची आहे, पुढची चारला आहे. तू ये म्हणालीस तर घरी येते. नाहीतर तशीच पुढे जाते, राग नाही.’

आठ वर्षांनी आलेल्या चार ओळी. आई गेली तेव्हा धाकटी वेळेवर पोचली नव्हती, आणि बाई भर माणसांत म्हणाल्या होत्या, “आता तरी कशाला आलीस? या घराची पायरी पुन्हा चढू नकोस.” ती चढली नाही. बाईंनी रागाच्या भरात तिचा फोन नंबरही पुसून टाकला. राग वर्षभरात ओसरला, पण तसं सांगायला नंबर कुठे होता? आणि खरं सांगायचं तर, नंबर मिळवणं काही अवघड नव्हतं. आडवा येत होता तो ताठा.

झटकलेल्या कीबोर्डमधून टेबलावर जे पडलं, ते बघून बाईंना स्वतःचीच लाज वाटली. बिस्किटांचा भुगा, पावाचे कण, पांढरे केस, चहाने चिकटलेली धूळ. समोर जेवायला कोणी नसलं की माणूस ताट घेऊन स्क्रीनपुढे बसतो. बाई आठ वर्षं तशाच जेवत होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे असत. तो सगळा भुगा तळहातावर गोळा करताना त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

“एवढ्या घाणीत तिला काय लिहू?” त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकणारं कोणी नसलं की माणूस मोठ्यानेच बोलतो.

मग चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उचकटलं. शंभरावर बटणं साबणाच्या कोमट पाण्यात टाकली, दातांच्या जुन्या ब्रशाने घासली, पंच्यावर पालथी मांडली. कापसाच्या काडीने खाचा पुसल्या. काम चोख झालं. काम चोख होईतो उत्तर काय द्यायचं याचा विचार करावा लागत नव्हता, हे त्या कामाचं मोठं सुख. बटणं वाळेपर्यंत अडीच वाजले.

आणि इथे माशी शिंकली. कुठलं बटण कुठे, हे बाईंना आठवेना!

हसू नका. टायपिंग शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातांवर रुमाल टाकला होता. “बोटांकडे बघाल, तर जन्मभर बघतच राहाल,” ते म्हणाले होते. बाईंनी त्यानंतर खाली कधी पाहिलंच नाही. अक्षरांच्या जागा बोटांना पाठ होत्या, डोळ्यांना नव्हत्या. दुसरी कोणी असती तर तिने आधी फोटो काढून ठेवला असता. पण फोटो काढायचा नवशिक्यांनी, असं बाईंचं मत.

त्यांनी एक ओळ बसवली. चूक वाटली, म्हणून उचकटली. पुन्हा बसवली. स्पेसबारच्या लांब पट्टीखालची तार खाचेत बसेना. साडेतीन झाले. पावणेचार झाले. घड्याळाकडे बघू नये म्हटलं, तर मान आपोआप तिकडेच वळे.

शेवटी बटणं तशीच ठेवून त्यांनी कीबोर्ड जोडला, डोळे मिटले आणि भोकांतून दिसणाऱ्या रबरी गाठींवर बोटं टेकवली. बोटं चालू लागली. डोळे उघडून पाहतात तर स्क्रीनवर लिहिलेलं: ‘आपले पत्र मिळाले. सदर बाबतीत कळविण्यात येते की’.

बाईंनी कपाळाला हात लावला. तीस वर्षांत बोटांनी दुसरं लिहिलंच काय होतं? त्यांनी सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. गाठी कधी दाबल्या जात, कधी जात नसत. अखेर एवढंच उरलं: ‘ये. चुकलं माझं.’ ते पाठवलं तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

उत्तर लगेच आलं.

‘ताई, गाडी आत्ताच सुटली गं. साडेअकरापासून स्टँडवर फोन हातात धरून बसले होते.’

बाई खुर्चीतच बसून राहिल्या. स्टँड रिक्षाने पंधरा मिनिटांवर. साडेअकरापासून ती तिथे बसली होती, आणि उत्तर टाइपच करायला हवं असं धरून त्या इथे बटणं घासत बसल्या होत्या. उठून सरळ जायचं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. त्यांना रडू आलं. डोळे पुसायला हाताशी पंचा होता, पण त्यावर बटणं होती, म्हणून पदर घेतला.

मग त्यांनी उघड्या गाठींवर जोर लावून लिहिलं: ‘पुढच्या थांब्याला उतर. मी येते.’ दोन चुका तशाच राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी पत्र न तपासता पाठवलं.

उत्तराची वाट पाहिली असती, तर आणखी उशीर झाला असता; चारच्या गाडीचा पुढचा थांबा कुठला, हे स्टँडवर विचारता येणार होतं. त्यांच्या साध्या फोनवर ईमेल येत नसे. म्हणजे ती उतरली की नाही, हे तिथे पोचल्यावरच कळणार होतं. बाईंनी चपला घातल्या, कॉम्प्युटर चालूच ठेवला, आणि दाराला कडी घालून त्या भराभर जिना उतरल्या.