गॅलरीतली काळी सायकल

"काकू, एक गोष्ट नीट ऐका. लोखंडाला मार लागला की पोचा पडतो, तो डोळ्यांना दिसतो. हिचं तसं नाय. ही बाहेरून चकचकीत राहील अन् आतून उलेल. कुठं आदळली, कशाचा घाव बसला, तर लगेच माझ्याकडं आणा. लाजू नका."

ज्यानं मला घडवलं त्या ऋतुराजचे हे शब्द. तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. मला कोण उलवणार? मित्रांनो, तो इशारा मी उडवून लावला. आज सिडकोतल्या एका गॅलरीत खुंटीला टांगलेली मी एक मोडकी सायकल आहे. वय म्हणाल तर जेमतेम दोन वर्षं.

माझा जन्म चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मी लोखंडाची नाही, कार्बनच्या धाग्यांची. ऋतुराज नुकताच इंजिनिअर झालेला. कार्बनचं राळ मुरवलेलं काळं कापड गार ठेवावं लागतं, म्हणून त्यानं घरचा जुना फ्रीज शेडमध्ये आणून ठेवला होता. ते कापड कातरायचं, साच्यात थरावर थर बसवायचे, मग भट्टीत भाजायचं. एका थराला सुरकुती पडली तर तो सगळं उचकटून पुन्हा बसायचा. अशी त्याच्या हातची मी पाचवी.

राजनंदिनी मला न्यायला आली, सोबत तिची आई संध्या. पोरीनं मला एका हातानं उचललं, तसा शेडचा वॉचमन कडुबा ओरडला, "अगं, सायकल हाय का पापड? वाऱ्यानं उडंल की!"

"उडू द्या ना मामा, मला उडायचंच आहे," राजनंदिनी म्हणाली. तिला राज्याच्या संघात जायचं होतं. आपल्याच गावच्या पोरानं बनवलेल्या सायकलवर निवडीची शर्यत जिंकायची, असं तिनं ठरवलं होतं.

मग आमचे सुखाचे दिवस आले. पहाटे दौलताबादचा घाट चढायचा, उन्हं वर यायच्या आत घरी परतायचं. संध्या गॅलरीत उभी असायची. आम्ही वळणावर दिसलो की ती आत जायची, म्हणजे आपण वाट बघत होतो हे पोरीला कळू नये. सायकल क्लबातली मुलं विचारायची, "परदेशी आहे का गं?" राजनंदिनी मान ताठ करून म्हणायची, "नाय. चिकलठाण्याची आहे." तेव्हा माझीही मान ताठ व्हायची.

निवड दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी होती. दसऱ्याला संध्यानं शहागंजातून झेंडू आणि नारळ आणला. मला धुतलं, पुसलं, हळदीकुंकू वाहिलं. फोटो काढायचा म्हणून राजनंदिनी आत मोबाइल आणायला गेली. संध्यानं माझ्या पुढच्या चाकाशी दगड ठेवून नारळ आपटला. एकदा, दोनदा. नारळ भलताच टणक. तिसऱ्यांदा तिनं जोर लावला आणि ओला हात निसटला. नारळ माझ्या खालच्या नळीवर आदळला आणि तिथंच फुटला.

माझ्या आत काहीतरी तुटलं. एकच थर, पण तुटला.

संध्यानं घाबरून पदरानं नळी पुसली. बोट फिरवून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता.

"काय झालं गं?" राजनंदिनी बाहेर आली.

"काही नाय. नारळ फुटला. खोबरं घे."

दुसऱ्या दिवसापासून मी बारीक करकरू लागले. राजनंदिनीला वाटलं, पेडल कोरडं पडलंय. तिनं तेल सोडलं. संध्या दारात उभी राहून ऐकत होती. "ऋतुराजला दाखवून ये गं एकदा," एवढं ती म्हणाली. का दाखवायचं, ते बोलली नाही. "निवड झाल्यावर जाते, आई," म्हणून पोर निघून गेली.

निवडीच्या आदल्या दिवशी, घाट उतरताना, एका खड्ड्यात माझी नळी कटकन मोडली. राजनंदिनीचा उजवा गुडघा दगडावर आपटला.

गुडघ्यात सळया घातल्या. ती चालेल, डॉक्टर म्हणाले. शर्यतीचं त्यांनी काही म्हटलंच नाही.

ऋतुराज आला. खिशातलं नाणं काढून त्यानं माझ्या अंगावर ठिकठिकाणी वाजवलं. चांगल्या जागी टण, टण असा आवाज आला. तुटल्या जागी ठप्प. "काकू, हिला आधी कुठं मार लागला होता का? जरा आठवून सांगा."

आतल्या खोलीत राजनंदिनी पडून होती, दार उघडं होतं. संध्यानं त्या दाराकडं पाहिलं.

"नाय रे. कुठं लागणार?"

तो नाणं खिशात टाकून उठला. "मग माझेच थर चुकले असतील," म्हणाला. त्यानं शेड बंद केली. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जातो. सहावी सायकल झालीच नाही.

रोज दुपारी राजनंदिनी लंगडत कॉलेजला गेली की संध्या गॅलरीत येते, हातात नाणं घेऊन. टण, टण, ठप्प. त्या जागी तिचा हात थांबतो. "बोलले असते तर," ती पुटपुटते. मग नाणं कनवटीला लावून भांडी घासायला जाते. हल्ली तिचं ताट बऱ्याचदा तसंच राहतं.

मित्रांनो, आपली सायकल पडली, तर दिसो न दिसो, मोठ्यांना सांगा. रागावतील, रागावू द्या. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. पहिल्या मजल्यावर तुळशीशेजारी काळी सायकल टांगलेली दिसली, तर वर जा. "काकू, जेवलात का?" म्हणून विचारा. ती हसून म्हणेल, "मला काय झालंय?" अगदी चकचकीत हसेल.

तेवढ्यावर जिना उतरू नका. थोडं बसा. पुन्हा विचारा.