सोडलेली भिंत

मी फवारणीचा पंप बोलतोय. पाठीवर घ्यायचा, निळ्या टाकीचा, कडेला दांडा असलेला. दांडा खालीवर केला की माझ्या पोटात दाब धरतो आणि आत जे भरलं असेल ते पितळी तोंडातून धुक्यासारखं बाहेर पडतं. आत काय भरायचं आणि तोंड कुणाकडे वळवायचं, हे मला कुणी कधी विचारलं नाही.

दुकानात माझ्या शेजारी झाऱ्या टांगलेल्या असायच्या. झारी घ्यायला येणारं गिऱ्हाईक हसतमुख असायचं. माझ्याकडे यायचं ते मात्र कुणावर तरी चिडूनच. माझे मालकही तसेच आले. गुलाबांवर माव्याची कीड पडली होती, आणि ते दुकानदाराशी असं बोलत होते की जणू माव्याने त्यांना तोंडावर शिवी दिली होती.

मालक एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले. तिथे ते आले की माणसं उठून उभी राहायची म्हणे. घरी उठून उभं राहायला बायको सोडून कुणी नव्हतं. मग गुलाब आले. कुंड्या ओळीत, प्रत्येक कुंडीवर नावाची पट्टी, वाळकं पान दिसलं की कात्री. आणि त्या शिस्तीत जो कुणी लुडबुड करेल त्याच्यासाठी मी.

आधी मावा मेला. मग मुंग्या, मग स्वयंपाकघरातली झुरळं. मालकांना काम उरकल्यावर तिथून हलवत नसे. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि उताण्या झुरळाकडे बघत बसायचे. “अगं, इकडे ये, बघ! अजून पाय झाडतंय,” असं बायकोला कौतुकाने सांगायचे. ती यायची, बघायची आणि केरसुणी आणायला जायची.

घराच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती. तिथे मालकांची धाकटी बहीण राहायची. पन्नाशी उलटली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणायचे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं होतं, आणि जाताना वडिलांनी चारचौघांसमोर सांगितलं होतं, “मागची खोली छोटीची.” त्या खोलीत तिचा पलंग, शेगडी, कापडांचं लाकडी कपाट आणि शिवणाचं मशीन. गल्लीतले निम्मे कपडे तिच्या हातचे होते. मालकांचे सदरेसुद्धा.

मालकांना त्या जागी गुलाबांसाठी काचघर हवं होतं. पण बहिणीला नीघ कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील? हा घास त्यांना गिळताही येत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता.

अशातच न्हाणीघराच्या चौकटीला वाळवी लागली. मालकांनी सहज अंगठा दाबला, आणि अंगठा लाकडात गेला. रंगाचा नुसता पापुद्रा उरला होता. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर गेलेली. ती फोडली तर आत पांढरट किड्यांची धांदल. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मला पाठीला लावून ते तसेच दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, “हे औषध जमिनीत जिरवायचं. पण घराला चहूबाजूंनी मारा हं, साहेब. या औषधाला वाळवी भिते, वाट बदलते. एक भिंत सोडलीत की सगळी फौज तिकडे वळलीच म्हणून समजा.”

 मालकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “नक्की वळते?”

घरी येऊन त्यांनी भिंतींच्या बुडाशी भोकं पाडली. समोरची बाजू झाली, डावी झाली, उजवी झाली. प्रत्येक भोकात माझं तोंड खुपसून ते सावकाश औषध सोडत होते. मागच्या भिंतीपाशी आले, भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि मला पाठीवरून उतरवलं.

मला स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुंटीला लटकवलेलं असायचं. जेवताना बायकोने विचारलं, “अहो, मागची बाजू राहिली ना?”

“राहिली नाही, ठेवली,” मालक म्हणाले. “मी कशाला वाईट होऊ? आपसूक निघेल ती.”

बायकोचा हात पातेल्यावर थांबला. मग तिने त्यांच्या ताटात वाढलं.

काही आठवड्यांनी छोटी आली. “दादा, माझ्या दाराच्या चौकटीवर माती दिसायला लागलीये. तिकडे कधी मारताय?”

“अगं, तू तिथेच रांधतेस, तिथेच झोपतेस. विष आहे हे! तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? बिनवासाचं औषध मागवलंय. जरा दम धर.”

आवाजात इतका मायेचा ओलावा होता की छोटीचे डोळे भरून आले. “तुम्ही किती बघता हो माझं,” असं म्हणून ती गेली. मालकांनी वळून माझं तोंड फडक्याने पुसलं, आणि पुसताना ते शीळ घालत होते.

पुढच्या वेळी औषध आलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळी आलं आणि संपलंही. नंतर मालकांची पाठ धरली. छोटी बिचारी सुरीने मातीच्या नळ्या खरवडायची, वर रॉकेल लावायची. सकाळी पुसलेली वाट संध्याकाळी पुन्हा हजर. खिडकीतून मला ती दिसायची: मशीन चालवता चालवता थांबायची, मान वाकडी करून ऐकायची. लाकडाच्या आत करकर चालू असायची म्हणे. मालक मागच्या अंगणात फेरी मारायला जायचे तेव्हा तेही तिच्या चौकटीवर बोटाने टकटक करून बघायचे. पोकळ आवाज आला की पुढे चालू लागायचे.

एका दुपारी एक आई आपल्या लेकीला घेऊन छोटीकडे आली. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. लग्नाचा पोशाख छोटीने शिवला होता. गळ्याचं आणि बाह्यांचं भरतकामही तिचंच. मुलगी तो अंगावर घालून बघायला अधीर झाली होती.

छोटीने कपाटाचं दार ओढलं आणि दार हातात आलं. कपाटाची मागची फळी भिंतीला मातीने चिकटून राहिली, बाकीचं पुढे कलंडलं. पोशाख खाली पडला. बाहेरून घडी जशीच्या तशी होती. मुलीने तो उचलून झटकला तर माती भुरभुरली, आणि तिला कापडाच्या आरपार आपल्या आईचा चेहरा दिसला.

मुलगी रडली नाही. ती भोकांतून बोटं घालून बघत राहिली. ओरडली ती तिची आई. गल्ली गोळा होईल असं ओरडली. “वाळवी लागलीये हे ठाऊक होतं तुम्हाला? आणि तरी माझ्या पोरीचे कपडे यात ठेवलेत?” छोटी नुसती म्हणत होती, “मी परत शिवते. रात्रंदिवस बसून शिवते.” खाली बसून ती मातीतून टिकल्या वेचत होती.

त्या दोघी गेल्यावर मालक आले. दार बघितलं, फळी बघितली, जीभ चुकचुकवली. “छोटे, ही खोली आता धोक्याची झाली गं. पाडावीच लागेल. तू तुझी कुठेतरी सोय बघ. सामान हलवायला मी माणूस देतो.” आणि बोलता बोलता त्यांनी पावलांनी खोलीची लांबी मोजायला घेतली.

छोटी त्या पावलांकडे बघत राहिली. मग ती उठली आणि तडक माझ्याकडे आली. उरलंसुरलं औषध निदान मशीनच्या फळीला तरी मारावं, इतकाच तिचा विचार असावा. तिने मला खुंटीवरून काढलं आणि तिचा हात खाली गेला. मी काठोकाठ भरलेला होतो. झाकण उघडून तिने वास घेतला. संपलं म्हणून सांगितलेल्या औषधाचा वास.

मालकांची बायको, म्हणजे छोटीची वहिनी, ओट्यापाशी उभी होती. दोघींची नजर भेटली. वहिनीने मान खाली घातली, आणि छोटीला सगळं कळलं.

 मला मागे नेऊन तिने ते सगळं औषध आपल्या चौकटीच्या बुडाशी ओतलं, थेंबही न ठेवता. मग मला तसाच रिकामा घेऊन परत आली.

“वहिनी, तण मारायचं औषध कुठे असतं?”

बाहेरच्या अंगणात गुलाब फुलले होते. वहिनीने खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं. “खालच्या फळीवर. हिरवी बाटली,” ती म्हणाली. आणि मग, “हातमोजे घाला, वन्सं.”

भर उन्हात छोटीने मला पाठीवर घेतलं. ती घाईत नव्हती. एकेका कुंडीपुढे थांबायची, पट्टीवरचं नाव वाचायची आणि शेंड्यापासून बुडापर्यंत झाड भिजवायची. पानं पालटून खालूनसुद्धा. शिवणात टाका चुकू नये म्हणून जशी जपायची, तशीच जपून. फवाऱ्यात बारीकसं इंद्रधनुष्य पडलं होतं.

मालक हात झटकत मागून आले. बहीण आपल्या बागेला औषध मारतेय हे बघून आधी त्यांना बरंच वाटलं. “काय मारतेस गं?”

“औषध, दादा. एकही बाजू सोडली नाही.”

तेवढ्यात त्यांना पायरीवरची हिरवी बाटली दिसली. मग जे झालं ते बघवत नव्हतं. त्यांनी पाण्याची नळी ओढली, पाणी उडवलं, पानं सदऱ्याने पुसली, एका झाडापुढे तर गुडघ्यांवर बसून फांद्या कुरवाळल्या. “काय केलंस हे! मुकी झाडं गं ती, त्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?” छोटीने मला पायरीवर ठेवलं, हातमोजे काढून माझ्या दांड्यावर वाळत घातले आणि आवराआवर करायला गेली. संध्याकाळी मशीनचं वरचं लोखंडी डोकं फडक्यात बांधून ती निघून गेली. लाकडी मेज न्यायच्या लायकीचं उरलंच नव्हतं.

गुलाब लगेच मेले नाहीत. तण मारायचं औषध पानातून मुळापर्यंत उतरतं, त्याला वेळ लागतो. रोज सकाळी मालक आशेने जायचे आणि रोज शेंडे थोडे जास्त पिवळे असायचे. आता तेच कुणाचं तरी पाय झाडणं बघत होते, आणि या वेळी बायकोला हाक मारत नव्हते.

खोली पाडली. काचघर उभं राहिलं. मालकांनी नवी कलमं आणली, नवी माती भरली. कोवळ्या पानांवर मावा दिसला म्हणून माव्याचं औषध माझ्यात कालवलं आणि फवारलं. आठवड्याभरात शेंडे आकसले, पानं सुतळीसारखी झाली. मालक हादरले. “ती कार्टी मातीत काहीतरी कालवून गेलीये,” म्हणाले. सगळी माती उपसून फेकली. पुन्हा कलमं, पुन्हा माती, पुन्हा मी. पुन्हा तेच.

माती स्वच्छ आहे, हो. दोष माझ्या नळीत आहे. तणाचं औषध माझ्या रबरात मुरलंय, गाळणीत चिकटलंय. साबणाच्या पाण्याने मला आतून खळखळून धुवा, नाहीतर फेकून नवा पंप आणा. एवढंच मागणं आहे माझं. पण मालकांना माझं ऐकू येत नाही.

वहिनीला मात्र मी सांगायची गरजच नाही. तिने बाटली दाखवली होती, आणि त्यानंतर मला कुणी धुतलेलं तिने पाहिलेलं नाही. ती अधूनमधून कपडे शिवायला घेऊन बाजारामागच्या एका लहानशा खोलीत जाते. तिथे मशीन चालू असतं म्हणे. काय बोलणं होतं ते मला ठाऊक नाही, पण परत येताना तिचा चेहरा हलका असतो.

आज पुन्हा नवी कलमं आलीत. मालकांनी झाकण उघडलंय, औषध ओतलंय, पाणी भरताहेत. थोडं पाणी बाहेर सांडलं. वहिनी दारात उभी आहे, पदराला हात पुसत. ती माझ्याकडे बघते आहे.

“काही म्हणालीस का?” मालकांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “चहा आत्ता ठेवू, का फवारून झाल्यावर?”

“फवारून झाल्यावर.”

त्यांनी पट्टे खांद्यात अडकवले आणि दांडा दाबला. माझ्या पोटात दाब धरू लागलाय.