भूल सोसली होती

“श्वासाची नळी इतक्यात काढायची नाही,” भूल देणाऱ्या बाई सर्जनना म्हणाल्या. “त्याला स्वतःहून गिळू दे, डोकं उचलू दे. मग मी काढीन.”

टेबलावर भोपू होता, चपट्या नाकाचा, जाड मानेचा कुत्रा. किडलेली दाढ काढून झाली होती. फार मोठ्याने घोरतो म्हणून त्याच्या मालकाने, एका निवृत्त बसचालकाने, त्याचं नाव भोपू ठेवलं होतं. ते घोरणं ऐकूनच बाई सकाळी सावध झाल्या होत्या. अशा कुत्र्यांचा घसा आतून अरुंद असतो. नीट शुद्धीवर येण्याआधी नळी निघाली, तर तो मिटतो. हे सर्जननाही ठाऊक होतं. दोघं एकाच कॉलेजात शिकले होते.

पण जनावरांच्या त्या दवाखान्यात टेबलं दोन आणि भूल देणाऱ्या बाई एकट्या. आणखी एक माणूस घ्या, असं सांगून त्यांची जीभ झिजली होती. दवाखाना सर्जनचाच. ते दर वेळी विचारत, आजवर काही झालंय का? झालं नव्हतं, कारण बाई दोन टेबलांमध्ये धावत होत्या.

त्या दिवशीही पलीकडच्या टेबलावरच्या मांजरीचा श्वास मंदावला आणि त्यांना हाक आली. जाताना त्या पुन्हा बजावून गेल्या. मांजरीला सावरून परत येतात तो भोपूच्या तोंडात नळी नव्हती. पुढच्या जनावरासाठी टेबल रिकामं हवं होतं. भोपूने जरा कान हलवला, आणि सर्जननी नळी ओढली होती. त्याची छाती जिवाच्या आकांताने वरखाली होत होती, पण हवा आत जात नव्हती. जीभ जांभळी पडली होती.

बाईंनी त्याला पुन्हा झोपवलं, जीभ बाहेर ओढून घशात उजेड धरला. आत सगळं सुजून आलेलं. आधीची नळी जाईना. त्याहून बारीक घेतली, ती गेली. पण तोवर हृदय थांबलं होतं. बाई नळीला जोडलेला फुगा दाबून हवा भरत राहिल्या, सर्जन छाती दाबत राहिले. हृदय काही पुन्हा सुरू झालं नाही.

हातमोजे काढता काढता सर्जन म्हणाले, की भूल सोसली नाही असं मालकाला सांगू. होतं असं कधीकधी.

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. जनावर वाचलं की यश कापणाऱ्या हाताचं, दगावलं की दोष भुलीचा. भुलीची बाजू घेऊन भांडणार कोण?

त्या तरातरा बाहेर गेल्या. मागोमाग सर्जन आले. बसचालक गळपट्टा हातात घेऊन उभे होते. सर्जननी सुरुवात केली, “काका, त्याला भूल...”

“भूल सोसली होती,” बाई म्हणाल्या. “तुमचा कुत्रा धडधाकट होता, काका. नळी वेळेआधी काढली, कारण आम्हाला घाई होती. तक्रार करा. काय झालं ते मी सांगेन, कुठेही.”

उद्यापासून येऊ नका, असं सर्जन दबक्या आवाजात म्हणाले. बाईंनी मान वळवूनही पाहिलं नाही.

बसचालकांनी विचारलं, “त्याला कळलं का हो?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“थोडं कळलं असेल,” बाई म्हणाल्या. “मग मी परत झोपवलं त्याला.”

चादरीत गुंडाळलेला भोपू बसचालकांनी स्वतः उचलला. वजन पेलवेना, तरी कुणाच्या हाती देईनात. कुत्र्याचं डोकं लोंबायला लागलं. बाईंनी ते तळहातावर तोललं आणि गाडीपर्यंत त्यांच्या बरोबरीने चालत गेल्या, मान सरळ धरून, श्वासाची वाट मोकळी राहावी तशी.