अडवलेली घंटी

चहा गार झाला तरी फोन वाजला नव्हता.

धाकट्या सुनेनं कप ओट्यावर ठेवला आणि दिवाणखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. कोपऱ्यातल्या तिपाईवर जुना फोन होता, शेजारी नवा पांढरा डबा. डब्यावरचा हिरवा दिवा शहाण्या मुलासारखा स्थिर. नवरा बुटाची नाडी बांधत होता, पण त्याचंही लक्ष फोनकडेच होतं.

"आली का गं घंटी?"

"आली असती तर तुला ऐकू आली नसती?"

ही घंटी म्हणजे आईंची, तिच्या सासूबाईंची. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय शाबूत राहिले, समज शाबूत राहिली, पण वाचा गेली आणि वाचेबरोबर अक्षरंही गेली. निरोप लिहिता येईना, वाचता येईना. त्यांच्या मोठ्या बटणांच्या फोनवर सुनेनं स्वतःच्या घराचा फोटो चिकटवून दिला होता. ते बटण दाबायचं. एकदाच घंटी वाजू दिली की 'मी उठले, बरी आहे.' दोनदा वाजली की 'सवडीनं ये.' वाजतच राहिली की 'हातातलं टाकून पळत ये.' फोन उचलायचा नाही. सुनेनं एक घंटी परत द्यायची, म्हणजे पोचल्याची पावती. एकदा सुनेनं चुकून उचलला, तर आई पुढचे दोन दिवस गाल फुगवून बसल्या होत्या.

या घंटीवरच आईंचं घर टिकून होतं. थोरल्या दिरांनी गेल्या वर्षीच एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. "तोंडातून शब्द निघत नाही आणि एकटी राहायचं म्हणते," हे त्यांचं म्हणणं. सून आईंच्या बाजूनं इतकी भांडली की दिरांनी तिला वकिलीणबाई हे नाव ठेवलं. शेवटी ठरलं ते असं: रोज सकाळी घंटी यायची, तोवर आई आपल्या घरी. ज्या दिवशी ती चुकेल त्या दिवशी वाद बंद.

सुनेनं आईंचा नंबर लावला. फोन व्यग्र. थोडं थांबून पुन्हा लावला. पुन्हा व्यग्र.

"त्या कुणाशी बोलतील?" असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. आई कुणाशीच बोलू शकत नव्हत्या.

"रिसिव्हर खाली पडला असेल," नवरा म्हणाला. रिसिव्हरशेजारी आणखी कोण पडलं असेल, ते त्यानं बोलून दाखवलं नाही. त्यानं दादाला मोबाइल लावला, कारण गाडी दादाकडे होती.

थोरले दीर वेळ न लावता हजर झाले. दाढी अर्धीच झालेली, कानाखाली साबण तसाच. "मी काय सांगत होतो?" दार उघडताच ते म्हणाले.

"भाऊजी, आधी गाडी काढा. मला नंतर बोला."

"नंतर बोलणारच आहे."

नवरा घरीच थांबला. फोनपाशी कुणीतरी हवं होतं.

गाडीत सुनेचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. पुढे कचऱ्याची गाडी रस्ता अडवून उभी. दिरांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"फोन बदलायचं खूळ कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं. जुन्या तारेवर सारखी खरखर यायची. आता इंटरनेटवरून चालतो. नंबर तोच, फोनही तोच."

"आणि घंटी?"

"तीही तीच. बसवणाऱ्याला मी दोनदा विचारलं होतं. आठवडाभर रोज आली की!"

आठवडाभर खरंच आली होती. सुनेचं काम दातांच्या कवळ्या घडवण्याचं. केसभर उंचवटा राहिला तरी माणसाची हिरडी सोलून निघते, त्यामुळे काहीही नवं घरात आलं की तपासून बघायची तिला सवय लागलेली. डबा बसवल्यावर तिनं मोबाइलवरून एक घंटी, दोन घंट्या, लांब घंटी असं सगळं वाजवून पाहिलं होतं. काही निसटलं असेल असं तिला वाटत नव्हतं. फोन ठीक असेल, तर आई ठीक नव्हत्या.

आईंचं दार बंद होतं, ओढलं की आपोआप कुलूप लागणारं.

दिरांनी दार ठोठावलं, मग मूठ धरून हिसडलं. सुनेनं आपल्याकडची किल्ली काढली. दिरांनी ती तिच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

"आई!"

स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंगाची पलीकडची बाजू. जमिनीवर कुणी नव्हतं. अंथरुणाच्या घड्या घातलेल्या. टेबलावर अर्धा कप चहा, वर साय धरलेली. रिसिव्हर जागच्या जागी. खुंटीवरची पिशवी नाही, कोपऱ्यातली काठी नाही, बाहेर जायचे बूट नाहीत.

"गेली," दीर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "रस्ता चुकली तर विचारणार कशी? कुणी धक्का दिला तर ओरडणार कशी? सांग ना, वकिलीणबाई!"

दीर शेजारच्यांची दारं वाजवायला बाहेर धावले. सून फोनसमोरच्या खुर्चीत बसली. आई सकाळी इथेच बसल्या असणार. इथे बसून त्यांनी काय ऐकलं असेल? तिनं आपल्या घराच्या फोटोचं बटण दाबलं. कानात घंटी वाजू लागली, अगदी व्यवस्थित. तिनं दुसऱ्या हातानं मोबाइलवरून नवऱ्याला फोन लावला.

"आपला फोन वाजतोय ना? उचलू नकोस, मीच आहे."

"कुठला फोन?"

"घरातला! तिपाईवरचा!"

"नाही गं. मी समोरच बसलोय. अगदी चिडीचूप."

एका कानात घंटी वाजत होती आणि दुसऱ्या कानात नवरा सांगत होता की ती वाजत नाही. इथे ऐकू येणारी घंटी तिथली नव्हतीच. ती वाटेतच कुठेतरी तयार होऊन ऐकणाऱ्याची समजूत घालत होती.

"त्या इंटरनेटच्या फोनसेवेचं पान उघड," ती म्हणाली. "अडवलेले कॉल कुठे दिसतात बघ."

बसवणाऱ्यानं जाता जाता विचारलं होतं, नको ते कॉल अडवायचे का? कर्ज घ्या, विमा घ्या म्हणणाऱ्यांनी सुनेचा जीव नको केला होता. ती हो हो म्हणाली होती. कोणता कॉल नको तो, हे यंत्र कशावरून ओळखतं, एवढंच तिनं विचारलं नव्हतं.

"आहेत," नवरा म्हणाला. "सगळे आईचे आहेत. पानभर. आजच्या सकाळचे."

रोज येणारा नंबर, कधीच न उचललेला, क्षणात कट होणारा. यंत्रानं आठवडाभर पाहिलं आणि आईंना त्रास देणारी बाई ठरवून टाकलं. आईंनी एक घंटी दिली, पावती आली नाही. पुन्हा दिली. मग लांब, मग आणखी लांब. त्या धडपडीत त्यांचा फोन व्यग्र, आणि सून तिकडून तोच नंबर लावत होती. आईंनी काय समजायचं? लेकाच्या घरात कुणीच फोनपर्यंत पोचत नाही, एवढंच.

"त्या आपल्याला बघायला निघाल्यात," सून म्हणाली. "तिथून हलू नकोस."

तिनं जिन्यातच दिरांना गाठून सगळं सांगितलं, स्वतःच्या 'हो हो'सकट. दीर सरळ गाडीकडे वळले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. बसथांब्यावर आई नव्हत्या. फुलवाल्यानं पाहिल्या नव्हत्या. मोठ्या चौकात रस्ता खणून ठेवलेला आणि बसचा मार्ग वळवलेला. तो फलक वाचून माणसं नेहमीच्या थांब्यावरून पुढे निघून जात होती. फलक वाचता येणारी माणसं. दीर गाडी इतकी हळू चालवत होते की मागचे शिव्या घालत होते. ते डावीकडचा पदपथ बघत होते, ती उजवीकडचा. प्रत्येक काठी आईंची वाटत होती.

मोबाइल वाजला तेव्हा तिला तो घ्यायचीच भीती वाटली.

"आली," नवरा म्हणाला. "दारात उभी आहे. मला सगळीकडून चाचपून बघतेय, हात मोडला की पाय मोडला म्हणून."

दिरांनी गाडी कडेला घेतली आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं. थोड्या वेळानं ते तसेच म्हणाले, "तरीसुद्धा आज ठरवायचं."

घरी आई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बुटांवर खणलेल्या रस्त्याची लाल माती. सुनेला बघताच त्यांनी तिचा दंड असा धरला की बोटं उमटली, आणि लगेच त्याच हातानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"चूक माझी आहे, आई. हा डबा तुमची घंटीच आत येऊ देत नव्हता." तिनं डबा दाखवला, फोन दाखवला, मधे आडवा हात धरून दाखवला. आईंनी डब्याकडे असं पाहिलं, की डब्याला कान असते तर लाल झाले असते.

"आई, ऐक," दीर समोर बसले. "दोष कुणाचाही असो. घंटी चुकली आणि तू रस्त्यावर होतीस. हीच अट होती ना?"

"भाऊजी, त्या हरवल्या नाहीत," सून म्हणाली. "बस वळवली होती, तरी पोचल्या. आपण गाडीतून शोधत होतो आणि त्या आपल्याआधी इथे."

"आणि पोचली नसती तर? सगळा जीव एका तारेवर. ती तुटली की संपलं. बोल की वकिलीणबाई, यावर काय आहे तुझ्याकडे?"

तार एकच होती, हे खरं होतं. नवरा खाली मान घालून बसला, म्हणजे तोही दादाकडे झुकला होता.

आईंनी टेबलावर काठीची मूठ आपटली. मग दिरांच्या खिशाकडे बोट दाखवलं. दिरांना कळेना. आईंनी स्वतःच वाकून त्यांचा मोबाइल खिशातून ओढून काढला, त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांच्या नाकासमोर एक बोट उभं धरलं. मग तेच बोट त्यांच्या छातीवर टोचलं.

"काय म्हणतेय?"

"एक घंटी इथे, एक घंटी तुम्हाला," सून म्हणाली. "रोज. दोन तारा."

"मला? सकाळी माझ्या मीटिंगा असतात. मी गाडी चालवत असतो. मला कसं..."

आई बोट खाली घेईनात. दिरांनी भावाकडे पाहिलं. भाऊ आता मान वर करून त्यांच्याकडेच बघत होता. कानाखालचा साबण वाळून पांढरा झाला होता, दिरांनी तो नखानं खरवडला.

"एखाद्या दिवशी मी परत घंटी द्यायला विसरलो तर?"

आईंनी खांदे उडवले आणि बुटांकडे बोट दाखवलं. तर मग मी तुझ्या दारात.

"माझं घर तर याच्याही पुढे आहे, आई," दीर म्हणाले. पण आई काठी घेऊन उठल्या होत्या आणि दाराकडे निघाल्याही होत्या, आपल्या घरी.

दिरांनी गाडीची किल्ली घेतली. मोबाइल हातातच होता.

"एक घंटी म्हणजे किती वेळ वाजू द्यायची गं?" त्यांनी हळूच सुनेला विचारलं.