असलेला की गेलेला

दादाने फोन खांद्यात दाबून धरला, खोका उलटा केला आणि टेपचं टोक दाताने उचकटून एक लांब पट्टी ओढली. कर्रर्र. फोनमधला माणूस काहीतरी सांगत होता, त्याचं अर्धं वाक्य त्या आवाजात बुडालं.

"हं, ते कळलं. पण बूट कोणत्या पायाचा पाठवू? डावा जो म्हणताय तो असलेला, की गेलेला?"

पलीकडचा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. अंगठ्याची जखम, दवाखाना, मग घोटा, मग गुडघा. दादाने दुसरी पट्टी ओढली आणि पहिलीवरच चिकटवली.

"म्हणजे उजवा आहे. उजवा पाठवतो. ठेवू?"

दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला यातलं काही कळलं नाही. त्याच्या गळ्यात गोदाम कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी होती, हातात टॅब्लेट होता आणि नजरेने तो खोली मोजत होता. बारक्याने त्याला खोक्यांमधून वाट काढून दिली. बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. लग्न झालं, केस विरळ झाले, तरी घरात नाव तेच राहिलं.

"आमचं दुकान एकेका बुटाचं," बारक्या म्हणाला. हे सांगताना त्याची छाती नेहमी थोडी पुढे येई. "ज्याला एकच पाय आहे त्याने जोडीचे पैसे का भरायचे? फक्त लोक ऑर्डर टाकताना घोळ घालतात. बूट हवा असतो असलेल्या पायाचा, आणि बटण दाबतात गेलेल्या पायाचं. डोक्यात सारखा तोच असतो ना. म्हणून दादा प्रत्येकाला फोन करून विचारतो."

"भारी कल्पना आहे, सर. कोणाची?"

"दादाचीच म्हणायची."

दादाची नव्हती. मालट्रकने दादाचा डावा पाय गुडघ्यापासून खाली नेला, त्यानंतर कपाटात त्याचे डावे बूट न वापरलेले साठत गेले. ते बघून रडायचं सोडून बारक्याला धंदा सुचला. खोक्यावर फोटोही दादाचाच छापला होता, पँट दुमडून पिन लावलेला, हसरा. हसायला दादाला कोणी सांगितलं होतं, हेही खोक्यावर छापायला हरकत नव्हती. दादा प्रत्येक खोका उलटा करूनच टेप लावायचा. फोटो जमिनीकडे.

कंपनीचा माणूस बोलत सुटला. माल त्यांच्या फळ्यांवर राहणार, ऑर्डर आली की त्यांची माणसं भरणार, त्यांचीच गाडी संध्याकाळी सुटणार. डावा आणि उजवा वेगळा नग म्हणून नोंदवायचा, म्हणजे प्रश्नच नाही. "तुम्ही फक्त विका. बाकी हमाली आमची. तुम्ही हो म्हणा, आम्ही तर एका पायावर तयार आहोत."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्याची नजर दादाच्या पिन लावलेल्या पँटवर गेली आणि कान लाल झाले.

"मी तर कधीचाच तयार आहे," दादा म्हणाला.

बारक्या खो खो हसला. पाहुणाही हसला, सुटल्यासारखा. दादाने पुढचा खोका ओढला.

रात्रीची जेवणं झाल्यावर विषय निघाला. बारक्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. दिवस भरत आले होते आणि पुढच्या खोलीतल्या खोक्यांमधून तिला तिरकं होऊन जावं लागत होतं, तेही आता जमेना.

"आपण आजचा माल परवा देतो आणि शिव्या खातो," बारक्या म्हणाला. "कुरियरवाला आला नाही की सगळं ठप्प. ते लोक रोज गाडी सोडतात."

"आणि मोठ्या मापाचे डावे पडून आहेत, त्यांचं?" बायको म्हणाली. "इथे ते फुकट पडलेत. तिथे फळीचं भाडं भरायचं, विकले जावोत न जावोत. शिवाय चुकीचा पाय गेला तर परत आणायचा खर्च आपलाच."

"चुकीचा जाईल कसा? दादा फोन करतो ना."

"सगळं द्यायलाच हवं का? चालणारी मापं त्यांना द्या, बाकीची राहू देत."

"म्हणजे धड ना इकडचं, धड ना तिकडचं. पाळणा काय डोक्यावर ठेवणार आहेस? दादा, तू बोल. तू म्हणशील तसं."

बारक्या हे मनापासून म्हणाला. आधीच ठरवून बसलेली माणसं असंच मनापासून विचारतात.

दादाने पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवलं, थोडं फिरवलं.

"पॅकिंग राहू दे," तो म्हणाला. "फोन देऊन टाक त्यांना."

बारक्याला वाटलं हा आणखी एक विनोद.

"अरे, फोन ते घेतच नाहीत. आणि घेतला तरी लोकांना त्यांच्याशी थोडंच बोलायचंय? बूट मिळाल्यावर लोक काय काय लिहितात, तू वाचतोस का? या माणसाशी बोललं की हलकं वाटतं म्हणतात."

"त्यांना वाटतं."

"मग झालं तर."

"त्यांना हलकं वाटतं, बारक्या. ते सगळं जातं कुठे?"

"म्हणजे?"

दादाने तोंड उघडलं. परवा एकाने विचारलं होतं, तुमचा कसा गेला? दादाने सांगितलं, मगरीने. त्याच्या आदल्याला तुरुंगात सांगितलं होतं. तेवढीच करमणूक. बाकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत करवत, पू, बायको सोडून गेली, रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते. अंगठ्याची खाज दादाला माहीत होती. स्वतःची एक पुरेशी होती. हे सगळं सांगायचं तर फोनवरच्या लोकांसारखंच सांगावं लागलं असतं, आणि तसं सांगणाऱ्यांचा त्याला वीट आला होता.

"पॅकिंग करताना हात चालू असतात," तो एवढंच म्हणाला.

"तेच तर!" बारक्याने मांडीवर थाप मारली. "किती वर्षं जमिनीवर बसून खोके बांधणार? कंबर गेलीय तुझी. आता तू फक्त बोलायचं. राजासारखं."

"त्यांचं ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली. "दादांना काहीतरी म्हणायचंय."

तेवढ्यात बारक्याचा फोन वाजला. कंपनीचाच माणूस होता. बारक्या उठून खिडकीशी गेला आणि तिथूनच मोठ्या आवाजात म्हणाला, "हो, हो. घरच्यांशी बोललो. सगळे तयार आहेत."

भांडं उचलून दादा भिंतीच्या आधाराने उठला. बायको त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने बघणं सोडून दिलं. तिलाही खोली हवी होती.

गाडी आली त्या दिवशी हमालांनी दुपारपर्यंत सगळं उचललं. डावे, उजवे, फळ्यांचा सांगाडा, पुठ्ठ्याचे गठ्ठे. भिंतींवर खोक्यांच्या आकाराचे पांढरे चौकोन उरले. दादा दाराशी बसून बघत होता. एका हमालाने टेपचे रोल पिशवीत भरले. एक घरंगळत दादापाशी आला तेव्हा त्याने तो मांडीखाली सारला आणि वर बघत राहिला.

बारक्याने त्याच्यासाठी फिरती खुर्ची आणली होती. टेबल आणलं होतं. आणि डोक्याला लावायचा हेडफोन, तोंडापुढे बोंडासारखा माईक असलेला.

"आता खांदा वाकडा करायला नको," त्याने तो स्वतः दादाच्या डोक्यावर बसवला. "बघ, दोन्ही हात मोकळे."

दादाने मोकळे हात टेबलावर ठेवले.

कंपनीने काम चोख केलं. हे सांगायला हवं, कारण खोटं बोलून काय मिळणार. माल वेळेवर जाऊ लागला, शिव्या बंद झाल्या, ऑर्डरी वाढल्या. ऑर्डरी वाढल्या म्हणून फोन वाढले. बाळ झालं. आतल्या खोलीत निजणारं बाळ दुपारी पुढच्या खोलीत, जिथे बूट होते तिथे, पाळण्यात झोपू लागलं. दादा त्याला उठवू नये म्हणून हळू आवाजात विचारायचा, "असलेला की गेलेला?" पूर्वी हेच तो टेपच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडून विचारायचा, आणि उत्तर मिळालं की ठेवून द्यायचा. आता पलीकडच्यांना वाटायचं, किती मायेने विचारतो. ते आणखी बोलायचे.

त्या दुपारी बाळ आत आईजवळ होतं. बारक्या बाहेर जायला निघाला होता, चपला शोधत होता. पुढच्या खोलीतून दादाचा आवाज येत होता.

"हो ताई, लहान मापात आहे. किती वर्षांचा आहे तो?"

मग नुसते दादाचे हुंकार. पलीकडून बोलणं चालू असावं.

कर्रर्र.

बारक्याची चप्पल हातातच राहिली. पुन्हा तोच आवाज, लांब. आणि पुन्हा.

"हा काय पॅक करतोय?" तो म्हणाला. "घरात एक बूट नाही."

"तुम्ही थांबा," बायको म्हणाली. बाळाला खांद्यावर घेऊन ती दारापर्यंत गेली.

दादा पाठमोरा होता. खुर्चीच्या एका हाताला टेप गुंडाळून गुंडाळून मनगटाएवढी जाड झाली होती. दुसऱ्या हातावर त्याने नुकतं सुरू केलं होतं. हेडफोनमधून बाईचा बारीक आवाज झिरपत होता. दादा एक पट्टी ओढायचा, आवाज बुडायचा, पट्टी संपली की पुन्हा वर यायचा.

"ऐकतोय, ताई," दादा म्हणाला. "बोला."

ती आवाज न करता मागे आली. बारक्या चपला घालून उभा होता.

"काय झालं?"

"काही नाही." तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "येताना टेप आणा. मोठे रोल आणा, चारपाच."