सगळ्यांना पन्नास टक्के

वडिलांचं दुकान आठ लाखांना विकलं आणि दादाच्या अंगात न्याय संचारला. "भेदभाव नको. प्रत्येकाला पन्नास टक्के!" असं म्हणून चार लाख त्याने स्वतःपुढे ओढले. उरलेल्याचे पन्नास टक्के, म्हणजे दोन लाख, मधल्या भावाला. त्यातून उरलेल्याचे पन्नास टक्के, म्हणजे एक लाख, धाकट्या बहिणीला. शेवटचा लाख "हिशेब केल्याचा" म्हणून परत त्याच्याच खिशात.

धाकटी शाळेत गणित शिकवायची. असली उत्तरं लिहिणाऱ्या पोरांना ती बाकावर उभं करायची, दादाला मात्र म्हणाली, "छान पद्धत आहे. आईलाही हीच लावू. सहा महिने तुझ्याकडे, तीन मधल्याकडे, दीड माझ्याकडे. उरलेला दीड, हिशेब केल्याचा, पुन्हा तुझ्याकडे."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "आईची कसली टक्केवारी? सरळ तीन भाग करा!"

"मग पैशांचेही तीनच," म्हणत धाकटीने आकडे खोडले.

इतका वेळ कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली आई म्हणाली, "महिन्यांचं सोडा, माझी मी राहीन. आणि आठाला तीनने भाग जात नाही गं. चारने भाग."